राळेचे घर : डंखहीन मधमाशीच्या घरट्यातली जंतुरोधक द्रव्ये

जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत, देवळाच्या शिखराच्या सांध्यात, विजेच्या मीटरच्या पेटीत किंवा एखाद्या झाडाच्या ढोलीत कधीकधी एक काळपट नळी बाहेर डोकावताना दिसते. जाडी करंगळीएवढी, लांबी कधी पेरभर तर कधी वीतभर. तोंडाशी काळ्या, मुंगीएवढ्या माश्या गोल करून बसलेल्या असतात. नळीची कड बोटाने चाचपली तर ती मऊ लागते आणि बोटाला चिकटते. माश्या चवताळतात, केसांत शिरतात, बारीक चावे घेतात. पण डंख मारत नाहीत, कारण उत्क्रांतीच्या ओघात त्यांची नांगी झिजून नावापुरती उरली आहे. आपल्याकडे दिसणारी ही माशी बहुधा टेट्रागोन्युला इरिडिपेनिस किंवा तिची एखादी जवळची जात. जुन्या पुस्तकांत हिचाच उल्लेख ट्रायगोना असा येतो. लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. आग्या मोहोळाचा दरारा आणि सातेरीची उपयुक्तता यांच्या सावलीत ती आपल्या लक्षातही येत नाही. जगभर मात्र या गटातल्या पाचशेहून अधिक जाती आहेत, आणि उष्ण कटिबंधातल्या बहुतेक प्रदेशांत त्या नांदतात. न्यू जर्सीच्या अंबरात गोठलेली क्रेटोट्रायगोना प्रिस्का ही त्यांची प्राचीन नातलग डायनासोरांच्या अखेरच्या पर्वातली.

या पुस्तकाचा विषय त्या नळीच्या आत आहे. तिथे काय साठवलेले असते, ते नासत का नाही, आणि त्या न नासण्यातून माणसाच्या औषधासाठी काही हाती लागते का, हे तीन प्रश्न पुढच्या पानांत पुन्हापुन्हा येतील. शेवटच्या प्रश्नाची घाई सगळ्यांनाच असते. पहिले दोन नीट समजल्याशिवाय तिसऱ्याचे उत्तर धड मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि ही प्रस्तावना त्या मताच्या समर्थनासाठीच लिहितो आहे.

आधी आतली रचना. सातेरी किंवा युरोपीय मधमाशी आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या शुद्ध मेणाची षट्कोनी घरे बांधते. डंखहीन माशीचे मेण पोटाच्या वरच्या बाजूने, पाठीकडून पाझरते, आणि ते ती सहसा नुसते वापरत नाही. झाडांवरून पायांना चिकटवून आणलेली राळ ती त्यात मळते. या मिश्रणाला शास्त्रज्ञ सेरुमेन म्हणतात. घरट्यातले जवळजवळ सगळे काही याच द्रव्याचे असते: प्रवेशनळी, खांब, अंडीघरे, अंडीघरांभोवतीची पातळ पापुद्र्यांची वेष्टणे, आणि मधाची व परागाची अंडाकृती मडकी. घरट्याची बाहेरची भिंत, जिथे ते दगडाला किंवा लाकडाला टेकते, ती जास्त जाड, जास्त राळेची, टणक. दक्षिण अमेरिकेतल्या मेलिपोना गटातल्या माश्या राळेत मातीही कालवतात. त्या मिश्रणाला जिओप्रोपोलिस म्हणतात. मध आणि पराग इथे अंडीघरांपासून दूर, मोठ्या मडक्यांत ठेवतात. एकेक मडके आपल्या माशीचे वाटाण्याएवढे. मोठ्या जातींचे सुपारीहून मोठे.

आता या घरट्यातली हवा ध्यानात घ्या. अंधार आहे. उबदार आहे. आर्द्रता भरपूर आहे. साखर आहे, प्रथिने आहेत, हजारो जीव एकमेकांना घासून वावरत आहेत आणि वाट एकच आहे. श्रावणात दुरडीत झाकून राहिलेल्या भाकरीची दोन दिवसांत जी गत होते तीच या घरट्याची व्हायला हवी. शिवाय या माशीने आपल्यापुढची अडचण आणखी वाढवून घेतली आहे. सातेरीची दाई-माशी अळीला रोज थोडेथोडे भरवते. डंखहीन माश्या तसे करत नाहीत. त्या घर बांधतात, ते पातळ खाद्याने जवळजवळ काठोकाठ भरतात, राणी त्या खाद्यावर उभे अंडे घालते, आणि लगेच घराचे तोंड बंद होते. आतल्या पिल्लाला पुन्हा कोणी पाहायला येत नाही. अंड्यापासून पंख फुटलेली माशी होईपर्यंत साधारण दीड महिना जातो. युरोपीय कामकरी माशीला एकवीस दिवस पुरतात. अळीची पूर्ण शिदोरी पहिल्याच दिवशी भरलेली असते आणि ती संपेपर्यंत टिकायला हवी. त्यात बुरशी धरली तर आत अडकलेल्या अळीला सुटका नाही. इतकी जोखमीची पद्धत कोट्यवधी वर्षे चालत आली, त्याअर्थी संरक्षणाची तजवीकही तेवढीच जुनी असणार.

त्या तजविजीचा पहिला भाग म्हणजे राळ, आणि ती माशीची नाही, झाडाची आहे. खोडाला जखम झाली, भुंग्याने भोक पाडले, फांदी मोडली की झाड तिथे राळ सोडते. ती जखम बुजवते आणि आत शिरू पाहणाऱ्या बुरशीला व जिवाणूंना अडवते. तिच्यातली टर्पिने आणि फेनॉल वर्गातली संयुगे सूक्ष्मजीवांच्या पेशींचे आवरण फोडतात, त्यांच्या विकरांचे काम बिघडवतात. झाडाने स्वतःसाठी बनवलेले हे औषध माशी उचलून घरी नेते. हे काम सोपे नाही. राळ पायांना, जबड्यांना चिकटते. एका झाडाच्या ताज्या जखमेवर माश्यांची झुंबड उडालेली मी पाहिली आहे. एकीच्या पायावरचा राळेचा गोळा दुसरी ओढून पळवत होती. फणसाच्या चिकावर, आंब्याच्या खोडावर त्या येतात. बोर्नियोच्या जंगलात, जिथे आपल्या साल वृक्षाच्या कुळातली प्रचंड झाडे आहेत, या माश्यांची चैन असते. जर्मन संशोधक सारा लिओनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दाखवले की राळेतली काही टर्पिने माश्यांच्या अंगाच्या वरच्या थरातही सापडतात. म्हणजे झाडाची राळ घराच्या भिंतीतच नाही, घरातल्यांच्या कातडीवरही असते.

राळेची रासायनिक घडण झाडागणिक बदलते, आणि माशी जवळपासच्या झाडांवर अवलंबून असते. थायलंडच्या मँगोस्टीन बागांमधल्या घरट्यांतले प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी मळून वापरलेली राळ, तपासले तेव्हा त्यात अल्फा-मँगोस्टिन आणि त्याच्या भाऊबंदांचा भरणा निघाला. ही झॅन्थोन वर्गातली संयुगे मँगोस्टीनच्या फळाच्या सालीत असतात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर, त्याच्या औषधांना दाद न देणाऱ्या वाणांसकट, त्यांचा प्रभाव प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसला आहे. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाच्याच प्रजातीतले झाड. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या मेलिपोना स्क्युटेलारिसच्या जिओप्रोपोलिसमध्ये मात्र संशोधकांना बेंझोफेनोन वर्गातली संयुगे सापडली. दोन्ही नमुन्यांच्या बाटलीवर प्रोपोलिस असेच लिहिलेले असेल; पण त्यांना एकच द्रव्य समजणे म्हणजे कोकम आणि चिंच दोन्ही आंबट म्हणून एकच मानण्यासारखे.

ऑस्ट्रेलियातले एक उदाहरण इथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात झाड आणि माशी यांचे नाते पुरते उघडे पडते. क्वीन्सलँडमध्ये कोरिंबिया टोरेलियाना नावाचा निलगिरीच्या नात्यातला वृक्ष आहे. त्याची बोंडे पिकली की आतून राळ पाझरते, आणि त्या राळेतच बिया असतात. टेट्रागोन्युला कार्बोनारिया ही तिथली डंखहीन माशी राळ घ्यायला बोंडात शिरते, तेव्हा बी तिच्या पायाला चिकटून येते. घरी पोचल्यावर माश्या बिया बाहेर टाकून देतात, आणि त्या झाडापासून शेकडो मीटर दूर रुजतात. सनशाइन कोस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी या माशीचे प्रोपोलिस आणि त्या झाडाच्या फळातली राळ शेजारी ठेवून तपासली. दोन्हींत तीच फ्लॅव्हॅनोन वर्गातली संयुगे निघाली, आणि ती स्टॅफिलोकोकसला रोखत होती. म्हणजे घरट्यातल्या औषधाचा कारखाना कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आले. त्याच माशीवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातून असे पुढे आले की वेगवेगळ्या झाडांच्या राळा शत्रूपरत्वे कमी-अधिक चालतात. एक मुंगीला जास्त परतवते, दुसरी जिवाणूला. घरट्यात त्यांचे मिश्रण असल्यामुळे बचावाची व्याप्ती वाढते. एकाच झाडावर विसंबून असलेली वसाहत आणि दहा झाडांची राळ मळणारी वसाहत यांची तब्येत सारखी नसावी.

राळेचा उपयोग जंतूंपुरताच नाही. २०१० मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात, याच ऑस्ट्रेलियन माशीच्या घरट्यात शिरलेल्या लहान पोळभुंगेऱ्यांना माश्यांनी राळ, मेण आणि चिखलाने जिवंतपणीच लिंपून टाकल्याचे दिसले. भुंगेरा जागच्या जागी थिजला. मेल्यावर तो आत कुजला असता तर घरटे नासले असते. राळेच्या लेपात तो कुजतही नाही. बचाव आणि स्वच्छता एकाच लेपात उरकते.

आता मध. या माशीचा मध पातळ असतो, आंबूस असतो, आणि तोंडात घेतल्यावर राळेचा किंचित तुरटपणा जिभेवर राहतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स प्रमाणकात साधारण मधाला २० टक्के पाण्याची मर्यादा आहे. यात २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकते. त्यामुळे या मधाला वर्षानुवर्षे भेसळीचा किंवा कच्चा म्हणून नाकारले गेले. मलेशियाने २०१७ मध्ये आपल्या केलुलुट, म्हणजे डंखहीन माशीच्या, मधासाठी वेगळे प्रमाणक केले आणि ३५ टक्क्यांपर्यंत पाणी मान्य केले. उशिरा का होईना, दुसऱ्या माशीच्या मापाने हिला मोजणे थांबले.

इतके पाणी असूनही तो का टिकतो? साध्या मधात साखर इतकी दाट असते की जिवाणूच्या पेशीतले पाणी ओढले जाऊन तो मरतो. हा आधार इथे दुबळा आहे. पण मध आम्लधर्मी आहे. सामू बहुधा ३ ते ४.५ च्या घरात. शिवाय माशीच्या ग्रंथीतून आलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करते आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मधाची ही जंतुरोधक शक्ती १९३७ मध्ये जर्मनीत डोल्ड यांनी इनहिबिन या नावाने नोंदवली. ती म्हणजे पेरॉक्साइडच, हे १९६३ मध्ये अमेरिकेत व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हे विकर पाण्याशिवाय चालत नाही, म्हणून घट्ट मधात ते निजलेले असते आणि पातळ केल्यावर जागे होते. डंखहीन माशीच्या मधात पाणी मुळातच जास्त. अर्थात सगळा प्रभाव पेरॉक्साइडचा नाही. कार्बोनारियाच्या मधात कॅटालेज घालून पेरॉक्साइड पुरते काढून टाकले तरी काही जंतुरोध शिल्लक राहतो. मध महिनोन्महिने राळमिश्रित मडक्यात मुरतो, तेव्हा राळेतली फेनॉले त्यात उतरत असावीत हा तर्क त्यामुळे बळावतो.

मधाच्या साखरेबाबतही एक आश्चर्य अलीकडेच उलगडले. २०२० मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या मेरी फ्लेचर यांच्या गटाने ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि ब्राझीलमधल्या पाच जातींचा मध तपासला. त्यात ट्रेहॅल्युलोज ही निसर्गात क्वचित आढळणारी साखर निघाली, तीही शंभर ग्रॅममागे १३ ते ४४ ग्रॅम. तोवरच्या तपासण्यांत हाच घटक माल्टोज म्हणून नोंदवला जात होता. इतक्या मोठ्या प्रमाणात असलेली गोष्ट दशकानुदशके चुकीच्या नावाने खपली, कारण तपासणीचा साचा दुसऱ्या माशीवरून बेतलेला होता. जंतुरोधाशी हिचा संबंध दूरचा आहे. तरी नव्या अभ्यासकाने ही हकिगत वाचायलाच हवी.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की डंखहीन माशीचे घरटे म्हणजे शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुक जागा. तसे मुळीच नाही, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग इथेच सुरू होतो. घरटे सूक्ष्मजीवांनी भरलेले आहे. मडक्यातला पराग आंबतो. मधात यीस्ट असते. खाद्यात, भिंतीत जिवाणू असतात. राळ सगळ्यांनाच मारत नाही. काहींना ती राहू देते, आणि त्या राहिलेल्यांवर माशीचे जीवन अवलंबून आहे.

ब्राझीलमध्ये स्कॅप्टोट्रायगोना डेपिलिस नावाची माशी आहे. तिच्या अंडीघरांच्या आतल्या भिंतीवर पांढरी बुरशी उगवते. संशोधक क्रिस्टियानो मेनेझिस प्रयोगशाळेत या माशीच्या अळ्या वाढवत होते, तेव्हा ती बुरशी त्यांच्या नजरेला आली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नासाडीच वाटणार. पण जशी अळी वाढते तशी बुरशी कमी होते, कारण अळी तिला खाते. बुरशी नसलेल्या निर्जंतुक खाद्यावर अळ्या वाढवल्या तेव्हा शंभरात दहाही तगल्या नाहीत. २०१५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पुढे साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो इथल्या मोनिका पुपो यांच्या गटाने कारण शोधले. कीटकांना कात टाकण्यासाठी आणि कोषात जाण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवायला स्टेरॉल हवे, आणि कीटक ते स्वतः घडवू शकत नाहीत. ती पांढरी बुरशी म्हणजे झायगोसॅकरोमायसिस प्रजातीचे यीस्ट, आणि ते अळीला एर्गोस्टेरॉल पुरवते. ते मिळाले नाही तर अळी अळीच राहते. त्याच घरात मोनास्कस ही दुसरी बुरशीही असते, आणि तिच्या रसायनांचा पहिल्या यीस्टच्या वाढीवर परिणाम होतो. एका इवल्याशा खोलीत अनेक सूक्ष्मजीवांचा संसार, आणि त्याच्या बरोबर मधोमध अळी.

ही सोबत पिढीजात आहे. डंखहीन माश्यांत नवी वसाहत एका झटक्यात उडून जात नाही. कामकरी माश्या आधी नवी जागा पाहतात आणि जुन्या घरातून राळमेणाचे गोळे व खाद्य तिकडे वाहून नेतात. आईच्या घराशी येजा कितीतरी दिवस चालते. त्या गोळ्यांबरोबर बुरशीचे विरजणही जाते. सेरुमेन म्हणजे नुसते बांधकामाचे सामान नव्हे, हे इथे कळते. ब्राझीलमध्येच मेलिपोना स्क्युटेलारिसच्या अळीखाद्यातून पेनिबॅसिलस पॉलिमिक्सा हा जिवाणू वेगळा काढला गेला. तो कीटकांना रोग आणणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना मागे रेटणारी द्रव्ये सोडतो. तेव्हा घरट्यातले प्रत्येक जंतुरोधक द्रव्य झाडातून आलेले असते असेही नाही. काही माशीच्या ग्रंथीतले, काही पाहुण्या सूक्ष्मजीवांनी तिथेच बनवलेले. कोणाला घरात घ्यायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा निवाडा राळ, आम्ल, विकर आणि जिवाणू मिळून करतात. औषधाच्या शोधात निघालेल्याने मला वाटते याच निवाड्याचा अभ्यास करावा. आजवर आपल्या प्रतिजैविकांनी सरसकट कत्तल केली आहे, आणि त्याची किंमत मोजणे सुरू झाले आहे: लॅन्सेट नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले.

माणसाने या घरट्याचा उपयोग प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. मेक्सिकोच्या युकातान भागातले माया लोक मेलिपोना बीचेई ही माशी पोकळ ओंडक्यांत पाळतात. ओंडके आडवे रचून वर गवताचे छप्पर करतात आणि दोन्ही तोंडे लाकडी चकतीने व मातीने बंद करतात. माद्रिद कोडेक्स या त्यांच्या जुन्या चित्रपोथीत माश्यांची आणि मध काढण्याची पाने आहेत. डोळ्यांच्या विकारांवर, बाळंतिणीसाठी, जखमांवर हा मध तिथे वापरला जातो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी याच माश्यांच्या राळमिश्रित मेणाच्या गोळ्या खडकावर दाबून चित्रे काढली. त्यांतले काही काम सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहे. केरळात मातीच्या मडक्यांत आणि बांबूच्या नळकांड्यांत या माश्या घरोघर पाळल्या जातात. वसाहतीमागे वर्षाला जेमतेम काही शे ग्रॅम मध मिळतो, आणि तो औषध म्हणून जपून ठेवतात.

महाराष्ट्राचा दुवा या शोधात नाममात्र नाही. २०१२ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजीत एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राच्या लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या ट्रायगोनाच्या प्रोपोलिसची जंतुरोधक शक्ती हा त्याचा विषय. प्रोपोलिसचा मद्यार्कातला अर्क त्यांनी निरनिराळ्या जिवाणूंवर आणि यीस्टवर चालवून पाहिला, घटक तपासले, आणि अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणूही त्या कसोटीत घेतले. लोकांच्या हातातला उपाय उचलून त्याला कसोटीच्या दगडावर घासायचे, ही रीत मला मनापासून आवडते. लोकज्ञानाची नुसती आरती केल्याने ते मोठे होत नाही, आणि हेटाळणीने आपण शहाणे होत नाही.

मात्र असे निबंध कसे वाचायचे याबद्दल दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य समजतो, कारण बाजारात या माशीच्या नावाने मोठमोठे दावे सुरू झाले आहेत. प्रयोगशाळेत थाळीवर जिवाणू पसरतात, मध्ये नमुन्याचा थेंब ठेवतात, आणि भोवती जितके स्वच्छ वर्तुळ उमटेल तितका प्रभाव मोठा असे मानतात. राळेसाठी ही पद्धत लंगडी आहे. राळ पाण्यात विरघळत नाही, थाळीतल्या ओल्या अगारमध्ये पसरत नाही, म्हणून प्रभावी राळेचेही वर्तुळ लहान येऊ शकते. मधाची अडचण उलटी: साखर आणि आम्ल दोन्ही मुळातच जंतुरोधक असल्यामुळे तेवढ्याच साखरेचे व तेवढ्याच सामूचे कृत्रिम द्रावण शेजारी ठेवल्याशिवाय मधातल्या खास द्रव्याचे श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही. अर्क मद्यार्कात काढला असेल तर नुसत्या मद्यार्काचा परिणाम वेगळा दाखवलेला आहे का, हे पाहावे. आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचे जादा आवरण असते. ते राळेला सहसा स्टॅफिलोकोकसपेक्षा चिवट ठरतात. एकाच जिवाणूवरचा निकाल घेऊन सर्व जंतूंवर रामबाण असे म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

थाळीवरचा निकाल आणि माणसाच्या अंगातला गुण यांत फार मोठे अंतर आहे. रक्तात ते द्रव्य किती पोचते, यकृत त्याचे काय करते, निरोगी पेशींना ते किती दुखावते, याची उत्तरे थाळी देत नाही. जखमांसाठी दवाखान्यात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला आणि प्रमाणित असतो. भिंतीतून काढलेला मध तसा नसतो. आपल्याकडे मध डोळ्यांत घालायची जुनी सवय आहे. घरी काढलेला मध डोळ्यांत घालू नये, आणि दृष्टी मंदावत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यात एक दिवसही दवडू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताही मध चाटवू नये. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते फोफावतात. घरट्यावर जीव असलेल्या माणसाने हे सर्वांत आधी सांगायला हवे, म्हणून मी इथे सांगतो आहे.

तरुण अभ्यासकांना एक कळकळीची विनंती. नमुना गोळा करताना माशीची जात तज्ज्ञाकडून पक्की करून घ्या; भारतातल्या टेट्रागोन्युलाच्या जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की नुसते ट्रायगोना लिहून भागत नाही. घरट्याच्या भोवतालची राळ देणारी झाडे नोंदवा, महिना नोंदवा, नमुना नळीतला, मडक्यातला की बाहेरच्या भिंतीतला तेही लिहा. ही माहिती नसेल तर संयुगांची यादी कितीही लांब असो, दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. एक झाड तोडले की पुढच्या वर्षीची राळ बदलते. रस्ता रुंदीकरणात गेलेला फणस आणि घरट्यातले एखादे संयुग यांचा संबंध आपल्याला आज दिसत नाही, कारण कोणी टिपून ठेवलेला नाही.

घरटे फोडून मध किंवा राळ काढणाऱ्यांना मी यापुढे तरी थांबायला सांगेन. भिंतीतली वसाहत न मोडता पेटीत आणण्याची पद्धत केरळात आणि ऑस्ट्रेलियात रुळलेली आहे. भिंतीतल्या प्रवेशनळीला एक रबरी नळी जोडून ती लाकडी पेटीत न्यायची आणि पेटीला बाहेर जाण्याचे दुसरे भोक ठेवायचे. जुन्या नळीचा थोडा राळमेणाचा तुकडा नव्या भोकाला लावला म्हणजे माश्यांना घर ओळखता येते. येताजाता त्यांना पेटीतूनच वाट काढावी लागते. काही महिन्यांत त्या तिथे बांधकाम करू लागतात, आणि राणीघरासह अंडीघरांचा तुकडा दिला तर पेटीत स्वतंत्र वसाहत उभी राहते. तपासणीसाठी राळ हवी असेल तेव्हा पेटीच्या झाकणाच्या कडेला साचलेली जादा राळ खरवडून घ्यावी. प्रवेशनळीला आणि अंडीघरांच्या वेष्टणाला हात लावू नये. पावसाळ्यात तर काहीच काढू नये. त्या दिवसांत बाहेर फुलोरा कमी असतो आणि माश्या साठवलेल्या मडक्यांवरच दिवस काढतात.